सिरीयलमधला तो परत आला तेव्हा

तेव्हा वलांडीखाली आम्ही चौघीजनी होतो. एक मी. एक माझी सून. एक माझी धाकटी जाऊ, तिचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. आनी शेजारची किरिस्ताव मावशी, तिचे गुडघे गेलेत म्हनून ती घरून स्टूल घेऊन येते. माझा मुलगा यात धरायचा की नाय ते मला अजून कळलेलं नाय, म्हनून त्याला शेवटी लिहिते. तो नऊ वर्सं घरात नव्हता, पन तिथं होता.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. जसं बोलते तसंच लिहिलंय, ते तसंच वाचा.

वलांडी म्हंजे बोंबील सुकवायचे बांबू. पाचूबंदरला आमच्या दारासमोर रेतीत उभे आहेत. बोंबील नुसता टाकून चालत नाय. एका बोंबलाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडात घालायचं, दातात दात अडकले की जोडी बांबूवर टाकायची, एक या अंगाला, एक त्या अंगाला. एकटा बोंबील बांबूवर राहत नाय, घसरून रेतीत पडतो. हे काम उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंत. हात आपले आपले चालतात, तोंड मोकळं असतं. त्या मोकळ्या तोंडानं आम्ही रात्रीच्या सिरीयलवर बोलायचो.

साडेआठची सिरीयल होती. एक श्रीमंत घर, त्यातला मुलगा बोटीवरून समुद्रात पडतो आनी सापडत नाय. बायको तरनी. आई रोज त्याच्या फोटोपुढे दिवा लावते, पन फोटोला हार घालू देत नाय. मुलगा येईल म्हनते. एक डॉक्टर आहे, तो बायकोला घरी सोडायला येतो आनी गेटपासूनच परत जातो. एवढीच गोष्ट, पन तेवढ्यावरच नऊ-दहा महिने गेले.

जाऊ माझ्याच घरी बसून बघायची, कारन तिच्या घरी टीव्ही दिराच्या ताब्यात. मावशीच्या घरी साडेआठला सगळे रोजरीला, म्हंजे माळेच्या प्रार्थनेला बसतात, म्हनून तिच्या नातवानं तिला मोबाईलवर लावून दिली होती. मोबाईलवर ती टीव्हीच्या आधीच लागते. त्यामुळे मावशीला रोज पुढचं ठाऊक असायचं.

"सांगू काय?" मावशी विचारायची.

"नको सांगू, पाप लागेल तुला," जाऊ बोलायची.

"मग फादरला सांगते जाऊन. कोनाला तरी सांगायलाच पायजे, पोटात राहत नाय."

पहिल्या दिवशी आम्ही फार हसलो होतो. तो हिरो समुद्रात पडला, लाटा आल्या, आनी पुढच्या वेळी दाखवला तेव्हा केस कोरडे. मासेमारीची बोट दाखवली, तिच्यावर जाळं नाय, बर्फ नाय, वास येईल असं कायच नाय. जाऊ बोलली, "ताई, एवढी साफ बोट मी लग्नातपन बघितली नाय." सूनपन हसली होती. तोंडावर पदर धरून हसली, पन हसली.

मग हळूहळू तिचं हसनं गेलं आनी बोलनंपन गेलं. आम्ही तिघी बोलायचो, ती जोड्या लावायची. साडेसातला हात धुऊन सातिवलीला कामावर जायची. तिथं प्लास्टिकचे डबे बनतात, ती पॅकिंगला आहे.

सिरीयलचं एक बरं असतं. घरातलं बोललं की भांडन लागतं, सिरीयलमधलं बोललं तर कोनाला लागत नाय. जाऊला तिच्या सुनेबद्दल काय सांगायचं असलं की ती सिरीयलमधल्या धाकट्या सुनेला शिव्या द्यायची. आम्हाला कळायचं, पन आम्ही सिरीयलवरच उत्तर द्यायचो. अशी आमची रीतच झाली होती.

माझ्या मुलाबद्दल मात्र कोनी काय बोलत नव्हतं. नऊ वर्सांमागे दिवाळी झाल्यावर तो बोटीवर गेला. बोटीवर सहाजन होते, पाच आले. सोबतच्या माणसांनी सांगितलं, पहाटे जाळं ओढताना तो मागच्या बाजूला उभा होता, मग नव्हता. कोनी आवाजपन ऐकला नाय. पाच दिवस बोटी फिरल्या. आमच्या बंदरातल्या फिरल्या, पलीकडच्या गावच्या फिरल्या. एक चप्पलसुद्धा मिळाली नाय.

त्याच्या लग्नाला तेव्हा दोन वर्सं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माझा नवरा त्याच्या आधीच काविळीनं गेला होता, मी टोपली डोक्यावर घेऊन दारोदार मासे विकून मुलाला मोठा केला होता. मला रडता येत नाय असं लोक बोलतात. येतं, पन टोपली घेऊन चालताना डोळे पुसायला हात मोकळा नसतो, तेव्हाची सवय लागली.

ज्याचं प्रेत मिळत नाय त्याचं आमच्यात गवताचं करतात. दर्भाचा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा, अंगावर त्याचा कपडा घालायचा, आनी अग्नी द्यायचा. मग तो माणूस गेला असं होतं. मग पितरपाखात त्याचं पान वाढता येतं. दीर दोनदा बोलायला आला. भटजीपन आले. मी बोलले, गवताला आग लावून माझा मुलगा मरनार नाय. त्याचा निळ्या चौकटीचा शर्ट मी ट्रंकेत ठेवला आनी चावी कमरेला लावली. त्याचा बोटीवर न्यायचा डबा फळीवर तसाच ठेवला.

सुनेचं कुंकू राहिलं, हिरव्या बांगड्या राहिल्या. हळदीकुंकवाला तिला बोलवायचे. मी मनात बोलायचे, बघा, मी माझ्या सुनेला विधवा होऊ दिली नाय. मला वाटायचं मी तिच्यावर उपकार केलेत.

दोन वर्सांमागे एक माणूस तिला सोडायला आला होता. तिच्याच कारखान्यात मशीनवर आहे, बायको वारलेली, तुळिंजला खोली आहे. त्या दिवशी पाऊस फार होता, बस बंद होत्या. तो ओट्यावर उभा राहिला, आत आला नाय. मी चहा दिला. त्यानं कप खाली ठेवला तेव्हा मी त्याला सांगितलं, "हिचा नवरा समुद्रावर गेलाय. येईल आता." त्यानं माझ्याकडे बघितलं, सुनेकडे बघितलं नाय. बरं बोलला आनी पावसात गेला. परत कधी आला नाय. सून आतून कप धुवायला घेऊन गेली. ती कप धूत होती तेव्हा पान्याचा आवाज फार वेळ येत होता.

हे मी विसरले नव्हते. फक्त त्याच्याकडे बघत नव्हते.

सिरीयल लागली त्याला पाचेक महिने झाले असतील. एका संध्याकाळी त्यात आईला स्वप्न पडतं. रेतीवरून मुलगा चालत येतो, तोंड दिसत नाय, नुसती पाठ आनी पाय. तो डावा पाय बाहेर टाकून चालत होता. माझ्या मुलाच्या पायावर लहानपनी बोटीचा नांगर पडला होता. पायाचं बोट मोडलं, सांधलं वाकडं. तेव्हापासून त्याचा डावा पाय तसाच बाहेर पडायचा. ओल्या रेतीत शंभर पावलं असली तरी मी त्याचं ओळखायचे.

जाऊला मी काय सांगितलं नाय. पन त्या दिवसापासून मी स्टूल टीव्हीच्या जवळ घेतलं. आनी सिरीयल चालू असेपर्यंत समुद्राकडचं दार उघडं ठेवायला लागले. मच्छर यायचे, जाऊ कुरकुरायची. मी बोलायचे, आत गरम होतं.

मग आवाज यायला लागला. रेतीत पाय पडतो तो आवाज सगळ्यांना ठाऊक आहे, पन एक पाय सरळ आनी एक घासून, तो आवाज वेगळा. साडेआठ ते नऊच्या मधेच यायचा, जाहिरात लागली की स्पष्ट यायचा. मी उठून दारात जायचे. कोनी नसायचं. ओटा मात्र ओला असायचा. एवढासा, दारापुढे, माणूस उभा राहील एवढ्या जागेत. समुद्र तिथपर्यंत येत नाय, भरतीलापन येत नाय.

एकदा मी अशी दारात उभी असताना सून मागून फडकं घेऊन आली. मला काय विचारलं नाय. खाली बसली, ओटा कोरडा पुसला, फडकं पिळलं आनी आत गेली. नेहमीचं काम असल्यासारखं. मला तेव्हाच विचारायला पायजे होतं की तू कधीपासून पुसतेस. मी सिरीयल बघायला परत बसले.

ज्या दिवशी तो येनार होता त्या दिवशी दुपारी मावशी माझ्याकडे आली. गुडघे दुखत असताना आली. चहा नको बोलली.

"बाय, आज नको बघू."

"का? मेला काय तो?"

"नको बघू एवढंच सांगते. आज माझ्याकडे रोजरीला ये. तुला देवळात बोलावत नाय मी, घरात ये."

मला वाटलं त्याचं प्रेत दाखवनार. मी दिवसभर काय खाल्लं नाय. साडेआठला टीव्ही लावला, आनी तो आला. दाढी वाढलेली, दारात उभा. आई पळत गेली, दिवा हातातून पडला, सगळे रडले. बायको जिन्यावर उभी होती, ती खाली आली नाय, तिथंच जाहिरात लागली. जाऊनं टाळ्या वाजवल्या. मी उठले, डब्यातली साखर काढली, आनी गल्लीत सात घरी वाटली. काय आहे, कोन विचारी. मी बोलले, आला तो. कोन आला? सिरीयलमधला. माणसं साखर घेऊन माझ्याकडे बघत राहिली. कोनी हसलं नाय, हसले असते तर मला शुद्ध आली असती. दीर मला हाताला धरून घरी घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टोपल्या आल्या. चौघी बसलो. जाऊ आल्यापासून सुरू झाली.

"मी बोलले होते का नाय? येनारच तो. हिरोला मारतात काय कधी? मावशी, तू तर आदल्या दिवशीच बघितलंस."

 मावशीनं बोंबलाची जोडी लावली.

"ताई, त्या आईचं काम काय झालं. माझ्या तर अंगावर काटा आला. एवढे दिवस दिवा लावला, देवानं ऐकलं." मग ती सुनेकडे वळली. "तू काय गं मुकी? तुला नाय आवडलं?"

"नाय आवडलं," सून बोलली.

तिचा आवाज त्या वलांडीखाली किती महिन्यांनी ऐकला मी.

"का? नवरा आला बाईचा."

"तो आला ते वाईट झालं." ती हातातल्या बोंबलाकडे बघत होती. "ती आत्ता कुठं नोकरीला लागली होती. आत्ता कुठं त्या डॉक्टरसोबत चहा प्यायली होती, तीपन उभ्यानं. आता ती परत जिन्यावर. खाली आली तरी वाईट, नाय आली तरी वाईट."

जाऊ बोलली, "अगं पन नवरा म्हंजे..."

"तो कुठंतरी जिवंत होता ना काकी? जेवत होता, झोपत होता. ती कुठं होती? ती ना सधवा, ना विधवा, ना सून, ना लेक. दहा महिने आपन बघतोय, तिला कोनी विचारलं काय, तुला काय पायजे?"

 पुढचं ती हळू बोलली.

"मला त्या सासूचा राग येत नाय. ती चांगली आहे. तिनं सुनेला घासातला घास दिला. पन मला रोज वाटायचं, आज तरी विचारेल. रोज साडेआठला भांडी घासताना मी कान देऊन ऐकायचे. एकदापन विचारलं नाय तिनं."

माझ्या हातात एक बोंबील होता, त्याला जोडी लावायची राहिली होती. जाऊनं टोपली उगाच जवळ ओढली. मावशीनं कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला.

मी बोलले, "त्या सासूला भ्या वाटत असेल."

"कसलं?"

"सुनेला जा बोलली तर मुलगा मेला असं होईल. तिच्या तोंडानं मेला असं होईल."

"हो," सून बोलली. "ते कळतं तिला. सुनेला कळतं ते."

"मग सून का नाय गेली आपली आपन?"

"दार उघडायला सासूच्या घरात कोन राहील? तो आवाज सासूनं एकटीनं ऐकत बसायचा काय?"

सिरीयलमध्ये आवाज कुठं नव्हता. आवाज आमच्या ओट्यावर होता. मी तिच्याकडे बघितलं. बोलले, "सुनेला पन येतो काय?"

"पहिल्या वर्सापासून," ती बोलली. "डावा पाय घासून. मी पुसून टाकते, तुम्ही बघायच्या आधी."

तिनं माझ्या हातातला बोंबील घेतला, टोपलीतला दुसरा घेतला, जोडी लावली, बांबूवर टाकली. मग उठून हात धुतले आनी कामाला गेली. साडेसात वाजले होते.

आठ दिवस मी नुसत्या जोड्या लावल्या. नवव्या दिवशी दिराच्या दारात जाऊन उभी राहिले आनी कमरेची चावी काढून त्याच्या हातात दिली. तो समजला.

पुतळा समुद्राजवळच केला, बंदरावरच्या जुन्या किल्ल्याच्या भिंतीच्या अलीकडे. बायका जात नायत, मी गेले. भटजी बोलले, "आजी, तुम्ही लांब बसा." मी लांब बसले, पन त्याआधी पुतळ्याला शर्ट मीच घातला. दर्भाला हात नसतात, बाह्या रिकाम्या राहिल्या, त्या मी दुमडून आत घातल्या, तो जाळं ओढताना दुमडायचा तशा. दिरानं अग्नी दिला. गवत फार लवकर जळतं. नऊ वर्सं मी ज्याला घाबरले ते एक विडी ओढून होईल एवढ्या वेळात झालं.

घरी आल्यावर गल्लीतल्या दोघी म्हाताऱ्या सुनेच्या बांगड्या फोडायला बसल्या होत्या. मी बोलले, उठा. तिच्या बांगड्या कोनी फोडायच्या नायत. त्या घालूनच ती दुसऱ्या घरी जानार आहे. त्यातली एक बोलली, "असं कुठं असतं?" मी बोलले, "माझ्या घरी असतं." जाऊनं त्यांना चहा दिला आनी वाटेला लावलं. त्या बाबतीत तिचं तोंड कामाला आलं.

सातिवलीच्या त्या माणसाकडे निरोप मीच पाठवला. तो आला, यावेळी आत आला. मी त्याला सांगितलं, मागच्या वेळी मी खोटं बोलले नव्हते, मला तसंच वाटत होतं. तो बोलला, "ठाऊक आहे आई." देवळात चार माणसांत लग्न झालं. मी तिला सुक्या बोंबलाची पिशवी दिली, मुलाचा डबा दिला नाय. तो फळीवरच आहे.

आता ती तुळिंजला असते. रोज साडेआठला फोन करते.

"आई, लागली काय सिरीयल?"

"लागली."

"काय झालं आज?"

मी सांगते. तो परत आलेला खऱ्या नवऱ्यासारखा दिसनारा दुसराच माणूस निघाला, हे जाऊनं मला सांगितलं ते मी तिला सांगितलं. ती हसली. बोलली, आता त्या बायकोचं काय? मी बोलले, ती गेली डॉक्टरकडे. ते खरं नाय, अजून गेलेली नाय. खरं तर मी सिरीयल बघत नाय आता, जाऊ मावशीच्या मोबाईलवर बघते. टीव्ही बंद असतो, दार उघडं असतं, आनी मी फोन कानाला लावून ओट्याकडे बघत असते. आवाज येतो. अग्नी दिला तरी येतो. तिला मी सांगत नाय. फोन ठेवला की फडकं घेते आनी मीच पुसते.

मावशी बोलते, मेलेल्यांसाठी देवळात प्रार्थना करतात, ती मिस्सा देऊ काय त्याच्या नावानं. मी बोलले, दे. जो देव ऐकेल तो ऐकेल.

आता हे वाचनाऱ्याला एकच सांगायचं आहे. कुठल्या बंदरावर, कुठल्या गावात तुम्हाला डावा पाय बाहेर टाकून चालनारा माणूस भेटला, तर त्याला एवढं सांगा. तुझी बायको पळून गेली नाय. तिला मी पाठवली. तुळिंजला तिच्या दारात जाऊ नकोस. राग आला असेल तर पाचूबंदरला ये आनी माझ्यावर काढ. दार उघडं आहे.